सतरा मिनिटांची खारून

माइकसमोर बसलेला माणूस कितीही मोठा असो, काचेपलीकडून एक प्रश्न विचारतोच: सुरू करू का? रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत मी आयुष्यभर हा प्रश्न ऐकला. देवीची जसगीतं गाणाऱ्या बायांनी विचारला, सरकारी योजनेची जाहिरात वाचायला आलेल्या साहेबांनी विचारला, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवारानं तर हात जोडून विचारला. इकडून मी एक बटण दाबायचो आणि त्यांच्या हेडफोनमध्ये सांगायचो, करा. माझं हे 'करा' टेपवर येत नसे. ते बटण दाबलं की आवाज फक्त समोरच्याच्या कानात जातो. त्यामुळे प्रश्न सगळ्यांचे टेपांवर राहिले आणि माझी उत्तरं कुठेच नाहीत.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि एका वर्षात गावातला प्रत्येक दुसरा माणूस कॅसेटचा निर्माता झाला. सदर बाजारातल्या एका सराफाला दुकानाची जाहिरात स्वतःच्या आवाजात हवी होती. चार ओळी वाचायला त्यानं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ऐकून म्हणाला, "सब ठीक है भैया, बस थोड़ा राजधानी टाइप कर दो." मी आवाजात थोडी घुमारी घातली. तो खूश झाला. पुढे सगळ्याच गिऱ्हाइकांना राजधानी टाइप हवं झालं आणि मीही घुमारीचं बटण त्याच नावानं ओळखू लागलो.

पण गमतींवर मी हा लेख संपवणार नाही. मला एका गाण्याबद्दल लिहायचं आहे. छत्तीसगडात ते गाणं बहुतेकांनी ऐकलेलं आहे आणि पूर्ण गाणं फार तर आठ माणसांनी ऐकलं. याला कारण मी आहे.

गाण्याचं नाव 'खारून'. आमच्या गावाशेजारून वाहते त्या नदीवरचं. ते बांधलं मिलिंद रामटेके नावाच्या पोट्ट्यानं. गुढियारीत राहायचा, वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भिलाईच्या कुणा इंजिनिअरकडून विलायती कॅसेटी त्याच्या हाती लागल्या आणि त्याला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधं गाणं मुखडा-अंतरा करत पाच मिनिटांत घरी येतं. हे गाणं घरी यायचं नावच घेत नाही. मध्येच ताल बदलतो, सात मात्रांत शिरतो, गाणारा गप्प होतो, वाजवणारे दहा मिनिटं वाजवत राहतात, आणि तुम्ही वैतागून उठणार तेवढ्यात सुरुवातीचे सूर अशा ठिकाणी भेटतात की पुन्हा खाली बसावं लागतं. मी भजनं आणि नाट्यपदं ऐकून वाढलेला माणूस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या पोरांना गाणं संपवता येत नाही. पंधरा दिवसांत मी घरी दाढी करताना सात मात्रा मोजू लागलो होतो.

मिलिंद कीबोर्ड वाजवायचा, दुष्यंत नावाचा त्याचा मित्र गिटार वाजवून गायचा, शिवाय एक ड्रमवाला आणि एक बेसवाला. 'खारून' सतरा मिनिटांचं होतं आणि त्याचे तीन भाग होते. पहिला उन्हाळ्याचा, वाळू पडलेल्या पात्राचा. तिसरा पुराचा. मधल्या सात मिनिटांत नदी हळूहळू भरत येते, आणि तिथं मिलिंदचं अडलं. कीबोर्डवर त्यानं नाना आवाज लावून पाहिले. एक दिवस चिडून म्हणाला, "काका, याच्यात श्वासच नाही. भाता पायजे." दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन आला.

रामटेके काका पांढरा शर्ट घालून, पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यात गेलेली. मी हाताकडे पाहिलेलं त्यांना दिसलं. म्हणाले, भात्याला तळवा पुरतो. गुढियारीतल्या बुद्धविहारात, भीमजयंतीच्या मंडपात, लोकांच्या लग्नात आणि पुण्यानुमोदनाला ते चाळीस वर्षं पेटी वाजवत आले होते. रेकॉर्डिंग कधी झालं नव्हतं. हेडफोन लावायला दिला तर बराच वेळ हातात घेऊन पाहत बसले.

"हे टोपणं कायले पायजे भाऊ? मले माहा बाजा ऐकू येते न."

मी सांगितलं, बाजा ऐकायला नाही, मी बोलेन ते ऐकू यावं म्हणून. मग त्यांनी तो टोपीवरून नीट बसवला.

एकाच दमात वाजवलं त्यांनी. मिलिंदनं खालून एक सूर धरला होता, ड्रमवाला बोटांनी अगदी हलका वाजवत होता. विहारातल्या गाण्याची एक चाल काका उचलायचे, अर्धीच वाजवायचे, सोडायचे, पुन्हा जरा वरून उचलायचे. शेवटच्या मिनिटात ती चाल सबंध आली तेव्हा काचेच्या या बाजूला मी उभा राहिलो होतो. टेप थांबवायलाही मला दोन क्षण उशीर झाला. ऐकवू का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "आता नाही. कॅसेट आली का सगळ्यायसंगं ऐकीन."

तीन भाग तीन वेगळ्या दिवशी रेकॉर्ड झाले होते. आमच्याकडे स्पूलची मशीन होती, पाव इंची टेपची. भाग जोडायचे म्हणजे टेप पितळी खाचेत ठेवायची, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरपी कापायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. काकांच्या भागाच्या सुरुवातीचं बोलणं-खाकरणं मी पहिल्या सुराच्या अगदी अलीकडे कापून काढलं. तुकड्यावर सवयीनं 'बा' लिहिलं, मिलिंदच्या बाबांचा म्हणून, आणि तो बाजूला टाकला. जोड इतका साफ बसला की मिलिंदलाही सापडला नाही. ही फुशारकी मी इथं मुद्दाम मारतो आहे, कारण पुढचं सगळं याच फुशारकीनं केलं.

मास्टर, म्हणजे मूळ टेप, जोडून झाली की तिला पुन्हा ब्लेड लावायची नाही. आधी कॉपी करायची आणि जे काय कापायचं ते कॉपीत कापायचं. मला काम शिकवणारे नागपूरचे बाबूभाई म्हणायचे, मास्टर म्हणजे सातबारा, त्यावर खाडाखोड नाही. मी स्वतः चार जणांना हे शिकवलेलं होतं.

नवीन राज्याचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. कार्यक्रमाच्या समितीवरचे एक साहेब दुसऱ्याच कामाला स्टुडिओत आले आणि 'खारून' त्यांच्या कानावर पडलं. दुष्यंतचा आवाज त्यांना आवडला, नदीही आवडली. नृत्याच्या आधी हे गाणं लावू म्हणाले, पण दहा मिनिटांत बसवा. मधला भाग लागला तेव्हा त्यांनी हात हलवला. "ये बीच का बाजा हटा दो. मोहल्ले के फंक्शन वाला लगता है."

गिऱ्हाईक बोलतं, आपण ऐकतो, अशी मला सवय. पण मोहल्ला म्हणजे कुठला आणि कुणाचं फंक्शन, हे मला समजलं होतं. संध्याकाळी मिलिंदला मी एवढंच सांगितलं की लांबीमुळे मधला भाग काढावा लागेल. त्यानं कीबोर्डची वायर गुंडाळली. मग म्हणाला, "कापाचंच असन त कॉपी कापा काका. मास्टरले हात नका लावू. बाबाचं तेवढंच आहे."

मी हव म्हणालो.

कॉपी करायला स्पूलच्या दोन मशीन लागतात. दुसरीची मोटर दुरुस्तीला नागपूरला गेली होती, चार दिवसांत येणार होती. साहेबांचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभा राहिला, आज संध्याकाळी गाणं द्या, नाहीतर दुसरं गाणं घेतो. मला वाटलं, पोरांची संधी जाईल. हेही वाटलं, की माझा जोड कुणाला सापडत नाही. आता कापू, कार्यक्रम झाला की मधला भाग होता तसा परत चिकटवू, कुणाला कळणारही नाही. आणि मी मास्टरला ब्लेड लावली.

काकांची सात मिनिटं म्हणजे ऐंशी मीटर टेप. रिकामं स्पूल नव्हतं म्हणून ती हातावर गुंडाळून लच्छी केली, चिकटपट्टीवर 'बा' लिहून लावलं आणि खिळ्याला अडकवली. त्या भिंतीवर असे सात-आठ खिळे होते आणि सगळ्यांवर टाकाऊ टेपेच्या लच्छ्या असायच्या.

त्या लच्छ्यांचं काय व्हायचं ते आता सांगायला हवं. स्टुडिओ झाडायला बिसाहिन दीदी यायची, खारूनपलीकडच्या गावची. तिचं दोन एकर धानाचं शेत होतं. धान भरू लागलं की सुवे, म्हणजे पोपट, थव्यानं उतरतात. कॅसेटची टेप बांबूला बांधून शेतावर ताणली की ती उन्हात चमकते, वाऱ्यावर गुणगुणते, आणि पाखरं बसत नाहीत. आमच्याकडे गावोगावी हे करतात. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी भिंतीवरच्या लच्छ्या उतरवून पोत्यात भरायचो आणि तिला द्यायचो. त्या वर्षीही दिल्या, स्वतःच्या हातानं. एका लच्छीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर 'बा' लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं नाही असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पाहण्यासारखं काही त्या भिंतीवर आहे असं माझ्या मनातच नव्हतं, हे जास्त खरं आहे.

कार्यक्रमाला ध्वनिव्यवस्था माझीच होती. माझं टेबल मागे, दोरीच्या पलीकडे, आणि माझ्या शेजारीच गुढियारीची मंडळी बसलेली. रामटेके काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बरोबर पंधरा-वीस जण, सुना, नातवंडं, विहारातले जोडीदार. मिलिंदनं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायला जीभ रेटली नाही, असं तो मला नंतर म्हणाला. 'खारून' सुरू झालं. दुष्यंतचा आवाज मैदानभर गेला, लोकांनी पहिल्याच अंतऱ्याला टाळ्या वाजवल्या. नदी आटली, आणि लगेच पूर आला. जोड कुणाला कळला नाही. गाणं संपलं, नाचणाऱ्या मुली मंचावर येऊ लागल्या. शेजारचा म्हातारा उठला तसा काकांनी त्याचा हात धरला.

"बस न. माहा बाजा यायचाच आहे अजून."

मी टेबलावरच्या दिव्यांकडे पाहत राहिलो. थोड्या वेळानं ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "आवाज एकदम साफ होता भाऊ." आणि नातवाचं बोट धरून गेले.

संक्रांतीनंतर मिलिंद आला. बाबांना एकदा पूर्ण गाणं ऐकवायचं, मी त्यांना इथंच घेऊन येतो म्हणाला. मी हो म्हटलं, तो गेल्यावर खिळ्यापाशी गेलो, आणि रिकाम्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बिसाहिन दीदी केर काढत होती. तिला विचारलं तर तिचा चेहरा फुलला, यंदा शेतावर एकही पोपट बसला नव्हता.

"ए बछर एको सुवा नइ बइठिस भैया."

त्याच दिवशी तिच्याबरोबर शेतावर गेलो. धान कापून झालं होतं, पेंढा जाळून झाला होता. बांधावरच्या बांबूंना चार-दोन तुकडे लोंबत होते. हातात घेतले तर टेपेवरचा तपकिरी मसाला, ज्याच्यावर आवाज असतो तो, बोटांना लागून आला. खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक उरलं. ती बिचारी विचारत होती, काही मोलाचं होतं का. मी नाही म्हणालो.

मिलिंदला खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं, मशीन बिघडली आहे. पुढच्या खेपेला सांगितलं, स्पूल कुठंतरी ठेवलं आहे, शोधून राहिलो. सहा वर्षं मी शोधत होतो. एकदा तो काकांना घेऊनच आला. काकांचे हात तोवर थरथरू लागले होते, पेटी सुटली होती. बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, बंद मशीनकडे पाहिलं. मी म्हणालो, सापडली की कळवतो. ते म्हणाले, "काही घाई नाही भाऊ." मला त्या दिवशी त्यांचे पाय धरता आले असते. मी कप उचलून आत नेले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा गुढियारीला गेलो होतो. दारात पंचशीलाचा झेंडा, आत पेटी कापडानं झाकलेली. मिलिंदनं मला बसायला खुर्ची दिली. त्यानंतर टेपेबद्दल त्यानं पुन्हा विचारलं नाही.

गाण्याचं मात्र नशीब उघडलं. रेडिओवर वाजलं, शाळांच्या स्नेहसंमेलनात वाजलं, लग्नाचे बँडवाले वाजवू लागले, पुढे मोबाइलची घंटी झालं. दुष्यंत पुण्याला नोकरीला गेला, मिलिंद रेल्वेत कारकून झाला. नव्या रायपूरमधल्या कॅफेत आता गिटारवाली मुलं ते गातात. त्यांना कुठूनतरी कळलं आहे की मूळ गाणं सतरा मिनिटांचं होतं. मधे काय असेल याच्या पैजा लागतात. माझ्या चुलतभावाचा नातू, त्याला मराठी कळतं पण बोलतो हिंदीत, मला विचारायला आला, "दादाजी, फुल वर्शन आपके पास है क्या? लोग कहते हैं बीच में कुछ कमाल का था." कुणी म्हणतं बासरी होती, कुणी म्हणतं गिटार. पेटी होती असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही.

साहेब एक वाक्य बोलून गेले, ब्लेड माझ्या हातात होती. मधला तुकडा माझ्या वडिलांच्या भजनाचा असता तर तो मी खिळ्याला अडकवला असता का? नाही, रिकामं स्पूल मागायला शेजारच्या दुकानात गेलो असतो. दहा पावलांवर होतं. हे उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

गेल्या वर्षी स्टुडिओ बंद केला. सामान काढताना माळ्यावर माइकच्या केबलचं एक जुनं भेंडोळं सापडलं. केबलला गाठ मारायला आम्ही टाकाऊ टेपच वापरायचो. गाठ सोडताना उजेडात पिवळी पेन्सिल दिसली. 'बा'.

टेप चुरगळलेली होती, पण मसाला शाबूत होता. ती मी दोन दिवस पुस्तकांच्या खाली दाबून ठेवली. पावणेदोन मीटर, म्हणजे नऊ सेकंद. मशीन साफ केली, तुकड्याला दोन्हीकडून कोरी टेप जोडली, आणि न ऐकताच मिलिंदला फोन केला.

तो आता पन्नाशीला आला आहे, कानशिलं पांढरी झाली आहेत. त्याला मी बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मास्टर कापली ते, साहेब काय म्हणाले ते, शेत, बांबू, सहा वर्षांचा खोटेपणा. माझं संपल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "बाबा मरेपर्यंत समजत होते का आपणच चुकीचं वाजवलं असन. म्हणून कापलं असन."

मी मशीन सुरू केली.

आधी सरसर. मग काका खाकरले. मग त्यांचा आवाज, थोडा हेलकावत, कारण टेप चुरगळली होती: "सुरू करू का भाऊ?" मग दोन सेकंद काहीच नाही. मग भाता उघडल्याचा आवाज, एक लांब श्वास, आणि जिथं पहिला सूर लागणार तिथं माझा साफ काप.

मिलिंदनं हातानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. पाच-सहा वेळा लावलं असेल. मग त्यानं विचारलं, "मधात ते दोन सेकंद खाली कायले आहे?"

मी सांगितलं, तिथं मी बोलत होतो. ते टेपवर येत नाही, फक्त त्यांच्या कानात गेलं.

"काय म्हणले होते तुमी?"

मला ते लख्ख आठवत होतं. ते घाबरले होते, म्हणून मी बटण दाबून जरा जास्तच बोललो होतो.

"निवांत करा काका," मी त्याला सांगितलं. "टाइम भरपूर आहे, असं म्हणालो होतो."